दुर्बिणीचे अठ्ठ्याऐंशी हजार पॉइंट

माझे भाऊजी शहराबाहेरच्या मोठ्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं नोकरी करतायत. खडी, सळया, भंगार, सिमेंट, जे काही ट्रकातून जातं ते आधी त्यांच्या काट्यावरून जातं. ट्रकवाले त्यांना पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणतात. भाऊजींना ते माहीत आहे आणि त्यांना त्यात कौतुकच वाटतं.

या नोकरीत माणूस संशयी झाला नाही तर नोकरी टिकत नाही, असं ते म्हणतात. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला, आणि फरक तो माल. ड्रायव्हर लोक त्या फरकात काय काय घुसवतात ते भाऊजींच्या तोंडून ऐकावं. रिकामा तोलताना मागचं चाक चार बोटं काट्याबाहेर ठेवायचं. भरलेला तोलताना पाण्याची टाकी काठोकाठ भरायची आणि क्लीनरला ताडपत्रीखाली झोपवायचं. एकदा भाऊजींनी ताडपत्रीखालून तीन माणसं बाहेर काढली होती. त्यातला एक जण खरोखरच झोपला होता.

पण ट्रकाचं ट्रकापाशी ठेवावं की नाही? भाऊजी घरी आले तरी काट्यावरच असतात. दूधवाला हसला तर दुधात पाणी. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या तर तपासणीवाल्याशी त्यांचं साटंलोटं. मी नवा कपडा घातला की विचारतात, “सेलमध्ये घेतलास ना? मग धुतल्यावर बघ.” मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, लोकांचे पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. मेहुणीच्या नात्याने मला त्यांना टोचायचा हक्क आहे आणि तो मी सोडत नाही. ताई मात्र कधी काही बोलायची नाही. “त्यांचा स्वभाव आहे,” एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची.

हा स्वभाव एकदाच फार महागात पडला. त्यांच्या एकुलत्या एका लेकीने स्वतः नवरा निवडला. मुलगा शिकलेला, शांत, चांगल्या कंपनीत. एवढं सगळं चांगलं म्हटल्यावर भाऊजींच्या मनात पाल चुकचुकलीच. लग्न ठरल्यावर त्यांनी कुणाला न सांगता मुलाच्या कंपनीला पत्र लिहिलं, की हा इसम आपल्याकडे नक्की नोकरीला आहे का, पगार तो सांगतो तेवढाच आहे का, आणि त्याच्यावर काही चौकशी वगैरे चालू आहे का. पत्र फिरत फिरत मुलाच्या साहेबांकडे गेलं. साहेबांनी त्याला बोलावून विचारलं, “चौकशी कसली चालू आहे तुझी?” पुढचे सहा महिने त्याची बढती अडकली. लग्न झालं, पण जावई सासऱ्याशी त्यानंतर बोलला नाही. वर्षभरात दोघं समुद्रापलीकडे निघून गेली. आता चार वर्षं झाली. लेक आईला फोन करते, शेवटी “बाबा बरे आहेत ना” विचारते आणि उत्तराची वाट न बघता ठेवते.

तर अशा घरात क्रेडिट कार्ड आलं.

सुपरमार्केटच्या दाराशी टाय घातलेला एक जण टेबल मांडून बसला होता. “काका, खर्च तर तुम्ही करताच. कार्डाने केलात तर पॉइंट मिळतात, पॉइंटांतून विमानाचं तिकीट. फुकट.” दुसरा कुणी असता तर पुढे गेला असता. भाऊजी थांबले. फुकट हा शब्द ऐकला की ते नेहमी थांबतात. त्यांनी त्या माणसाकडून नियमांची बेचाळीस पानी पुस्तिका मागून घेतली आणि तीन आठवडे भिंग घेऊन वाचली. शेवटी मला म्हणाले, “धाकटे, यात गोम आहे. पण ती बाहेरून दिसत नाही. आत शिरायला लागेल.”

म्हणजे ताईला लेकीकडे न्यावं म्हणून त्यांनी कार्ड घेतलं असं कुणी समजू नये. त्यांनी कार्ड घेतलं ते बँकेला रंगेहाथ पकडायला. लेकीचं नाव ताईने काढलं. “तिकीट मिळत असेल तर जाऊन येऊ या का?” एवढंच ती म्हणाली. भाऊजी म्हणाले, “जाऊ की. गेलो तर दोघं.” लगेच दोघांचे पासपोर्ट झाले, लेकीने तिकडून कागद पाठवले, पाच वर्षांच्या व्हिसाचे शिक्केसुद्धा बसले. कागद तयार हवेत, दर खाली आला की झडप घालायची, असं त्यांचं म्हणणं.

अर्जावर मोबाइल नंबर मागितला होता. बँकेला स्वतःचा नंबर दिला की दिवसभर फोन येत राहतात, म्हणून भाऊजींनी ताईचा दिला. कार्ड त्यांच्या नावावर, नंबर ताईचा. बँकेचे निरोप, कोड, सगळं ताईच्या फोनवर यायचं, आणि खातं उघडायचा पासवर्डही तिथेच. याचं त्यांना काही वाटलं नाही, कारण त्यांच्या हिशेबात ते बरोबरच होतं. काट्यावर नियमच असतो, वाचणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा. एकाच माणसाने आकडा वाचून लिहिला तर तो मधल्या मध्ये टनभर खाऊ शकतो. म्हणून संध्याकाळी चहा झाला की ताई फोनवरचा पॉइंटांचा आकडा मोठ्याने वाचायची आणि भाऊजी वहीत लिहायचे. तीन वर्षं हा नेम चुकला नाही.

आता खरं सांगायचं तर भाऊजी कार्ड वापरण्यात पटाईत निघाले. पहिल्या तीन महिन्यांत अमुक खर्च केला तर तीस हजार पॉइंट एकरकमी मिळणार होते. त्यांच्या घरखर्चात ते शक्यच नव्हतं. मग त्यांनी आमची अख्खी इमारत कामाला लावली. तळमजल्यावरच्या केमिस्टचा फ्रीज, समोरच्या मास्तरीणबाईंचा कपाटाची ऑर्डर, काट्याच्या मालकाचं डिझेल, सगळं भाऊजींच्या कार्डावर. लोकांनी त्यांना रोख पैसे द्यायचे. प्रत्येक नोट ते उजेडाकडे धरून बघायचे. माझं नवं शिलाई मशीनही त्यांच्याच कार्डावर आलं. मी दिलेले पैसे त्यांनी तीनदा मोजले आणि चौथ्यांदा माझ्याकडून मोजून घेतले.

बिल यायची वाट ते कधी बघायचे नाहीत. आज खर्च केला की उद्या बँकेत भरणा. “व्याजात सगळं आहे,” ते म्हणायचे. “एकदा बिल पुढे ढकललं की आयुष्यभराचे पॉइंट तेवढ्यात जातात. पान अकरा, कलम सात.” वर्षाची फी माफ करून घ्यायला ते दर वर्षी फोन करून कार्ड बंद करतो म्हणायचे, आणि बँक दर वर्षी फी माफ करायची. तेही त्यांना खटकायचं. “एवढ्या लवकर ऐकतात म्हणजे काहीतरी शिजतंय.”

आणि पॉइंटांचा दर. त्याचं तर त्यांना वेड लागलं होतं. बँकेच्या कॅटलॉगमधली सुटकेस घेतली तर एका पॉइंटला पाव रुपया पडतो. बँकेच्याच साइटवर तिकीट काढलं तर पाऊण. पॉइंट विमान कंपनीकडे वळवले आणि तिथे तिकीट काढलं तर एक, कधी सव्वा. आणि वळवताना बँक जर वर पाव हिस्सा जास्त देत असेल, तर दीडपर्यंत जाऊ शकतो. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतसुद्धा सांगेन. “दीडच्या खाली मी हात लावणार नाही,” ते म्हणायचे. “दीडच्या खाली विकलं म्हणजे त्यांनी आपल्याला तोललं.”

दुसऱ्या वर्षी एकदा तशी जादा पाव हिश्शाची संधी आली होती. ताईच्या फोनवर निरोप आला, तिने वाचून दाखवला. भाऊजी खुर्चीत मागे रेलले. “पाव वर देतायत? का देतील? पुढच्या महिन्यात विमान कंपनी दर वाढवणार असेल. आपण वळवले की अडकलो. थांब.” थांबले. महिना गेला, संधी गेली. विमान कंपनीने दर वाढवले ते दोन महिन्यांनी. भाऊजी विजयी चेहऱ्याने म्हणाले, “बघ, म्हणालो नव्हतो?” ताईने कप उचलले आणि आत गेली. मी त्यांना म्हटलं, “भाऊजी, आधी वळवून तिकीट काढलं असतं तर जुन्या दराने गेला असतात की.” त्यावर ते मला म्हणाले की पडद्याचं माप घेणं वेगळं आणि हे वेगळं.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, पण मी बोलले नाही. दोघांची जायची-यायची तिकिटं, तीही दीडच्या दराने, म्हणजे हे कधीच जाणार नव्हते. बँकेवर संशय घेणं सोपं होतं. जावयाच्या दारात उभं राहून बेल वाजवणं अवघड होतं.

या वर्षी लेकीला दिवस गेले. सातव्या महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं, मग डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं. जावई दिवसभर कामावर, घरात दुसरं कुणी नाही. लेकीने फोनवर पहिल्यांदाच आईला सरळ विचारलं, “आई, तू येशील का? मला भीती वाटते.” मी त्या वेळी ताईच्या स्वयंपाकघरात होते. ताईचा हात ओट्यावर होता, तो तिने उचललाच नाही.

संध्याकाळी तिने भाऊजींना सांगितलं. ते बराच वेळ वही उलटत बसले. मग म्हणाले, “जायला पाहिजेच. पण आत्ता सुट्ट्यांचे दिवस, दर आकाशाला भिडलेत. सहा आठवडे थांबलो तर निम्म्यावर येईल.”

“सहा आठवड्यांनी बाळंतपण होऊन गेलेलं असेल,” ताई म्हणाली.

“मग बाळ बघायला जाऊ. दोघं.”

ताईने त्या दिवशीचा आकडा वाचला. अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे. भाऊजींनी लिहिला.

चार दिवसांनी दुपारी ताई वर माझ्याकडे आली. मी एका हॉटेलच्या पडद्यांना अस्तर लावत होते. तिने आत येऊन दार लावून घेतलं आणि फोन माझ्यापुढे धरला. बँकेचा निरोप होता, चार पॉइंट वळवा, पाच मिळवा, फक्त या आठवड्यात.

“हे मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही,” ती म्हणाली.

मी शिवण थांबवली. तीन वर्षांत तिने एक निरोप गाळला नव्हता. ती खुर्चीत बसली आणि सांगायला लागली, आणि मला समजलं की ती बेचाळीस पानं माझ्या बहिणीनेही वाचली होती. भाऊजी कामावर गेले की. भिंगाशिवाय. अठ्ठ्याऐंशी हजाराचे एक लाख दहा हजार होतील. पुढच्या आठवड्यात एका विमानात एक जागा आहे, साधी, एकेरी, बरोबर एक लाख दहा हजारात. कर वेगळा, आठ हजार, तो तिच्या स्वतःच्या साठवलेल्यातून. रोख घेतलं तर तेच तिकीट एक लाख बत्तीस हजार. एकदा वळवले की परत फिरवता येत नाहीत.

“दीड पडतो,” ती म्हणाली. “बरोबर दीड.”

“मग त्यांना सांग की. त्यांना हवा तो दर आहे.”

“दर मिळाला की ते दुसरं काहीतरी काढतील. मी सांगून बघितलंय, तुझ्या समोरच.” मग हळू म्हणाली, “मी चोरी करतेय का गं?”

मी तिला काय सांगणार? कार्ड त्यांच्या नावावर, म्हणजे पॉइंट त्यांचे. पण पॉइंट झाले कशातून? तिने आणलेल्या किराण्यातून, केमिस्टच्या फ्रीजमधून, माझ्या मशीनमधून. मी तिला म्हटलं, “त्यातले तीन-चार हजार तरी माझे आहेत. माझे तू घे. बाकीच्यांचं तू आणि तुझं मन बघून घ्या.” ती हसली नाही. तिने बोटाने बटण दाबलं, कोड आला, तिने तो भरला. पाच मिनिटांत तीन वर्षांचे पॉइंट गेले. उरले सहाशे.

त्यानंतरचे आठ दिवस मी विसरणार नाही. जायचं होतं पुढच्या मंगळवारी. तोपर्यंत रोज संध्याकाळी ताई आकडा वाचत राहिली, जो तिथे नव्हता तो. त्यात रोजच्या खर्चाचे पॉइंट तोंडी मिळवायची. “अठ्ठ्याऐंशी हजार नऊशे चाळीस.” आवाज जसाच्या तसा. मी मुद्दाम खाली जाऊन बसायचे, का ते मलाही सांगता येत नाही. भाऊजी वहीत लिहायचे, मग आपली बेरीज ताडून बघायचे, आणि ती जुळायची. जुळणारच. जुळेल तेवढंच ती वाचत होती.

शनिवारी त्यांनी पेन खाली ठेवलं. “काहीतरी गडबड आहे,” ते म्हणाले. ताई फोनकडे बघत राहिली.

“डिझेलचे पॉइंट नेहमी दोन दिवस उशिरा जमा होतात. या वेळी दुसऱ्याच दिवशी आले,” भाऊजी म्हणाले. “बँक एवढी सरळ कधीपासून वागायला लागली? धाकटे, तुला काय वाटतं?”

“मला वाटतं चहा निवला तुमचा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ट्रकवाल्यांकडे बघतात तसंच. मग कप उचलला. एवढा संशय घेणाऱ्या माणसाने समोर बसलेल्या बायकोवर मात्र तो घेतला नाही. याचं मला आधी बरं वाटलं, आणि घरी वर आल्यावर वाईट वाटायला लागलं. तिच्यावर त्यांचा विश्वास होता, का ती असं काही करेल हे त्यांच्या डोक्यातच येण्यासारखं नव्हतं, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

मंगळवारी भाऊजी कामावर गेल्यावर ताई दहा वाजता टॅक्सीने निघाली. एक बॅग, एक पिशवी. विमान अडीच वाजता होतं. जाताना तिने वहीत त्या दिवसाची ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आणि वही टेबलावर उघडी ठेवली. “जेवायला येतील एक वाजता,” ती मला म्हणाली. “तू घरीच थांब.”

एक वाजून दहा मिनिटांनी ते वर आले. हातात वही. चेहरा असा की मी घाबरलेच.

“नऊशे ऐंशी,” ते म्हणाले. “कालपर्यंत अठ्ठ्याऐंशी हजारांच्या वर, आज नऊशे ऐंशी. मला माहीत होतं. शनिवारीच माहीत होतं. बँकेने हात मारला. हिने आकडा बघितला आणि घाबरून लिहून ठेवला. कुठे आहे ही? बाजारात गेली का?”

मी म्हणाले, “भाऊजी, आधी बसा.” पण ते बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी माझ्या कापडाच्या टेबलावर आपला फोन ठेवला, बँकेला लावला आणि स्पीकर चालू केला. “तू साक्षीदार,” म्हणाले. मी तेव्हा सांगायला हवं होतं.

पलीकडे एक मुलगी आली, गोड बोलणारी. भाऊजींनी सगळं सांगितलं. “सर, खात्याची माहिती द्यायला आधी खात्री करावी लागेल. नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवलाय, तो सांगा.”

“तो फोन माझ्या बायकोकडे असतो.”

“मग त्यांना विचारून सांगा, सर. मी थांबते.”

“धाकटे, तुझ्या फोनवरून लाव तिला.”

मी लावला. दुसरं काय करणार होते? तोही फोन मी टेबलावर स्पीकरवर ठेवला. दोन रिंगांतच ताईने उचलला आणि मी आहे असं समजून बोलायला लागली, “आत आले गं. सामान गेलं. ते घरी आले का?” तिच्या मागे कुणीतरी कुठल्यातरी विमानाची घोषणा करत होतं.

भाऊजींनी टेबलाची कड धरली.

“अगं, मी आहे,” ते म्हणाले.

घोषणा चालूच होती.

“पॉइंट?” त्यांनी विचारलं.

“मी वापरले. पोरीकडे चाललेय.”

दुसऱ्या फोनवरची मुलगी हे सगळं ऐकत होती. ती सावधपणे म्हणाली, “सर, हा व्यवहार तुमच्या परवानगीशिवाय झाला असेल तर तक्रार नोंदवता येईल. विमान सुटायच्या आत नोंदवली तर तिकीट थांबवण्याची विनंती आम्ही करू शकतो. पण त्यासाठी मला कोड लागेल.”

ते ताईनेही ऐकलं. माझ्या खोलीत मशीनचा दिवा चालू होता, तो बंद करावा एवढंही मला सुचेना. ताईने फोन ठेवला असता तर विषय तिथेच संपला असता. तिला काही करावंच लागलं नसतं.

“कोड आलाय,” ताई म्हणाली. “लिहून घ्या. चार, शून्य, सात.” ती थांबली. त्यांना लिहायला वेळ मिळावा म्हणून ती नेहमी तीन आकड्यांनंतर थांबायची. “नऊ, नऊ, दोन.”

भाऊजींनी माझा खडू उचलून टेबलावर ते सहा आकडे लिहिले होते. ठळक, स्वच्छ. एकतीस वर्षांत त्यांनी कितीजणांना पकडलं असेल, पण पकडलेल्या माणसाने स्वतःच पुरावा हातात दिला असं कधी झालं नसावं. ते त्या आकड्यांकडे बघत उभे राहिले. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना जवळ घ्यावं असंही वाटत होतं.

“सर, कोड सांगता का?”

“नको,” भाऊजी म्हणाले. “चूक माझ्या मोजणीत होती. सापडली.” आणि त्यांनी तो फोन बंद केला.

मग ते बसले. दुसऱ्या फोनवर ताई होती.

“दर काय पडला?” त्यांनी विचारलं. मी डोक्याला हात लावला.

“दीड. कर वजा केला तर एक एक्केचाळीस.”

“चांगला आहे,” ते म्हणाले. थोडं थांबून, “परतीचं?”

“एकेरीच आहे. पॉइंट तेवढेच होते.”

“मग येणार कशी?”

“तुम्ही या न्यायला.”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग टेबलाकडे. “मला जमणार नाही,” ते म्हणाले. “बँकेचं काही नाही. मला लाज वाटते गं. चार वर्षं झाली, मी त्या पोराला एकदा चुकलो म्हटलेलं नाही. त्याच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहू?”

“हे मला माहीत आहे,” ताई म्हणाली. “पण ते माझ्याजवळ बोलून काय उपयोग? आमचं विमान लावतायत आता. जेवण झाकून ठेवलंय, जेवून घ्या.” तिने फोन ठेवला.

भाऊजींनी मला विचारलं, “तुला सगळं माहीत होतं?”

“हो.”

“पोरीला?”

“हो.”

“जावयाला?”

“तो रजा काढून विमानतळावर येणार आहे तिला घ्यायला.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान मला तरी दोन शब्द सुनावतील. त्यांनी जावयाचा नंबर मागितला. त्यांच्या फोनमध्ये तो नव्हता. मी दिला. नंबर फिरवून झाल्यावर त्यांनी फोन एकदा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि या वेळी स्पीकर लावला नाही. पण खोली लहान, पलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं. तिकडे नुकती सकाळ झाली असावी. जावयाचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता.

भाऊजींनी आपण कोण ते सांगितलं. मग म्हणाले, “ती निघाली आहे. व्यवस्थित विमानात बसली.” आणि मग, एकेक शब्द जड असल्यासारखं, “त्या पत्राचं मी चुकलो. फार चुकलो. तुमची हरकत नसेल तर मीही यावं म्हणतो. येऊ का?”

चार वर्षांपूर्वी ते त्याला अरे-तुरे करायचे.

पलीकडे आत कुठेतरी लेकीचा आवाज आला, कोण आहे म्हणून विचारत असेल.

“आईंना घ्यायला मी जातोच आहे,” तो म्हणाला. “तुमचं मी तिला विचारून सांगतो.”

“हो,” भाऊजी म्हणाले. “विचारा. तिला विचारा.”

फोन बंद झाला. मी खाली जाऊन ताईने झाकून ठेवलेलं जेवण गरम करून आणलं. भाऊजी फोन मांडीवर ठेवून, त्याच्याकडे बघत जेवले.